‘हो’ म्हणजे जेवले नाही

गुरुजी,

तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे, आणि ती मी सविस्तर मांडणार आहे, कारण आता तुम्हाला मध्येच हात वर करून ‘पुरे’ म्हणता येत नाही. तुम्ही मला स्पष्ट बोलायला शिकवलंत. प्रत्येक वर्णाला त्याचं स्थान, प्रत्येक जोडाक्षराला दोन्ही पाय, शेवटच्या अक्षराला पहिल्याइतकाच मान. हे शिकवताना पुढे या मुलाचं काय होईल, याचा तुम्ही काडीचाही विचार केला नाहीत. मध्यंतरी आमच्या बहारीनच्या कचेरीत एका इंग्रजी संवादाला आवाज द्यायला येणारे गृहस्थ आजारी पडले, म्हणून साहेबांनी मला माइकपुढे बसवलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, दापोलीकडचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. पहिलं वाक्य ऐकूनच त्याने हेडफोन कानावरून खाली घेतला. “सर, लय साफ बोलताय तुम्ही. असा कोण बोलतो? जरा अक्षरं खावा.” मी खाल्ली. “अजून खावा, सर. लाजू नका. यल्ला, चला, परत एकदा.” मी आणखी खाल्ली, पण तुमच्याकडे इतकी वर्षं सोवळ्यात ठेवलेल्या तोंडाला ते पचेना. शेवटी तो म्हणाला, “खलास, सर. ते बरे झाले की त्यांनाच बोलवू. तुमचा ऐकून पोरांना वाटेल, प्रार्थना चाललीय, उभं राहायचं.” अशा रीतीने, गुरुजी, उच्चार शुद्ध असल्याच्या कारणावरून मी नापास झालो. तुमच्या शिष्यांपैकी असा मान मिळवणारा मी पहिलाच असेन.

मी पोटासाठी काय करतो, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, हे मोजणाऱ्या प्रश्नपत्रिका मी तयार करतो. संस्कृत पाठशाळेत वाढलेला मराठी माणूस अरबांच्या बेटावर बसून चिनी मुलांचं इंग्रजी तपासतो. तुम्ही हे ऐकून पंचा झटकून म्हणाला असतात, “तुला जवळपास काही मिळालं नाही का रे?” पण खरं सांगतो, हे काम मी तुमच्याच स्वयंपाकघरात शिकलो. साहेबांकडे त्याचं प्रमाणपत्र मागितलं जातं, म्हणून नंतर एक तेही मिळवलं.

तुमचा रेडिओ फडताळावर, तुपाच्या बरणीशेजारी. सकाळी संस्कृत बातम्या लागतात. तुम्ही पाटावर बसून ऐकता आणि निवेदकाचा दीर्घ जरा आखूड पडला की त्याला इथून दटावता, आणि काकू चुलीपुढून म्हणतात, “अहो, त्याला ऐकू जात नाही.” थोड्या वेळाने इंग्रजी बातम्या लागतात. तुम्हाला इंग्रजीचा गंध नाही, तरी रेडिओ बंद होत नाही. माझ्याकडे बोट दाखवून विचारता, “काय कळलं? संस्कृतात सांग.” मी तेरा वर्षांचा आहे, मला एक मंत्री आणि एक पूल एवढंच कळलेलं आहे. बाकीचं मी रचून सांगतो, आणि विभक्ती चुकल्यामुळे माझ्या वाक्यात मंत्र्याऐवजी पूल भाषण करतो. तुम्ही शांतपणे म्हणता, “पूल बोलत नाही. या वाक्याला योग्यता नाही. पुन्हा ऐक.” शब्द एकमेकांना शोभले पाहिजेत, न शोभणारे शब्द नुसते शेजारी बसवून अर्थ होत नाही, हे मला त्या पुलाने शिकवलं. आणि ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही त्या भाषेतली माझी समज तुम्ही तपासत होता, ही गोष्ट मी आजही इथे अभिमानाने सांगतो. माझ्या बरोबरीचे लोक ती विनोद म्हणून ऐकतात. मी तसं ऐकू देतो.

सन्निधी शिकवलीत तो दिवस तर आमच्यापैकी कोणीच विसरला नसेल. वाक्यातले शब्द जवळजवळ उच्चारले पाहिजेत, मध्ये फार वेळ गेला तर वाक्य मरतं, एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही जेवायला बसल्यावर “ताक” म्हणालात आणि गप्प झालात. काकू पळी घेऊन उभ्या. “ताकाचं काय? वाढू?” तुम्ही छताकडे बघताय. “काय हो, घशात घास अडकला का?” तुम्ही भात संपवून हात धुतलेत. संध्याकाळी दिवा लावताना अचानक “वाढा” म्हणालात आणि आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलंत. काकू म्हणाल्या, “ताक दुपारीच शेजारच्या मांजराने प्यायलं. आता पानात सन्निधी वाढू का?” इथे संवादातल्या दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं यावर आमच्या बैठका होतात, तज्ज्ञ तावातावाने बोलतात, आणि मला पळी घेतलेल्या काकू दिसत राहतात.

मी इंग्रजी शिकायला पुण्याला निघालो तेव्हा बाकीचे गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तुम्ही मात्र स्टँडवर आलात आणि माझ्या हातात रेडिओचे दोन नवे सेल ठेवलेत. म्हणालात, “रेडिओ कुणाचा तरी मिळव. सेल माझ्याकडून.” इतकी अर्धवट आणि इतकी पुरेशी भेट मला पुन्हा कुणी दिली नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. एके सकाळी तुम्ही मला विचारलंत, “संध्या केली नाहीस ना रे?” मी म्हणालो, “हो.” तुमचा चेहरा निवळला. “म्हणजे केलीस?” “नाही.” तुमचा हात माझ्या कानाशी आला. “मग ‘हो’ कशाला म्हणालास?” “तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, म्हणून हो.” हात तिथेच थांबला. काकू हसल्या. तुम्ही बराच वेळ विचार केलात, तुमच्या वर्गात विचार करायला गुरूलाही परवानगी होती, आणि मग म्हणालात, “याचं उत्तर सरळ आहे. प्रश्न मी वाकडा विचारला.” कान सुटला. संध्या मात्र करायला लावलीत, ते सोडा.

आता या वर्षीचं सांगतो. चीनमधल्या एका शाळेने आमची प्रश्नपत्रिका वापरली आणि तिच्या निकालावरून मुलांना वरच्या आणि खालच्या वर्गात बसवलं. वरच्या वर्गातून पुढे चांगल्या कॉलेजला जायची वाट सोपी. तिथल्या इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला कळवलं की त्यांची सगळ्यात हुशार मुलगी खालच्या वर्गात गेली आहे. वाचनात तिला जवळजवळ पैकीच्या पैकी आणि ऐकण्यात ती गडगडलेली. मुलीने इंग्रजीत बोलणंच सोडून दिलं आहे, म्हणते, मला कानच नाहीत. साहेब म्हणाले, होतं असं, डोळे पक्के आणि कान कच्चे. मी उत्तरं बघायला घेतली, तर चार प्रश्नांत वर्गातली पहिली मुलं चुकलेली आणि शेवटच्या बाकावरची बरोबर. आमच्या धंद्यात याहून मोठा अपशकुन नाही. ते संवाद मी पुन्हा पुन्हा ऐकले. एकात बाई विचारते, तू बसने आला नाहीस ना? पुरुष म्हणतो, “नो.” मी लिहिताना “नो, चालत आलो” असं लिहिलं होतं. बोलणं नैसर्गिक वाटावं म्हणून शेवटचे शब्द कापले गेले होते. पण त्यात चुकण्यासारखं काय आहे, हे मला दिसेना.

ते मला माझ्या मुलीने दाखवलं, तिच्या नकळत. ती इथल्याच ईसा टाउनच्या शाळेत बारावीला आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमच्या घरचा हा जुना करार आहे. त्या दिवशी क्लासहून आली तेव्हा मी विचारलं, “जेवली नाहीस ना?” ती म्हणाली, “नो.” मी म्हटलं, “मग कुठे जेवलीस?” “बाबा! आय सेड नो!” “अगं, नो म्हणजे माझं म्हणणं चूक, म्हणजे जेवलीस.” “नो मीन्स आय हॅवन्ट ईटन! यू आर इम्पॉसिबल, बाबा.” आणि पोळी हातात घेऊन मी उभाच राहिलो. इंग्रजीत ‘नो’ म्हणजे गोष्ट घडली नाही. आपल्याकडे ‘हो’ आणि ‘नाही’ हे पुष्कळदा विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतात. चिनी भाषेतही तसंच असेल तर? तर त्या हुशार मुलीने प्रत्येक शब्द नीट ऐकला होता आणि ‘नो’ म्हणजे ‘तुमचं म्हणणं बरोबर नाही, मी बसनेच आलो’ असा अर्थ केला होता. आणि ज्यांना धड काहीच ऐकू आलं नाही, त्यांनी दोन नकार पकडून ‘बसने नाही’ असं ठोकलं होतं. तेच शेवटच्या बाकावर बसून बरोबर ठरले होते.

पण माझ्या मुलीचं जेवण हा काही पुरावा नव्हे. पुरावा बेटाच्या पश्चिमेकडच्या झल्लाक गावात मिळाला. तिकडच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात निकालावर बोलायला बैठक ठरली होती, आणि त्या चिनी बाई मुद्दाम आल्या होत्या. बारीक चणीच्या, बाहेर अंग भाजणारं ऊन आणि यांच्या हातात गरम पाण्याचा थर्मास. सकाळी सगळे जमल्यावर साहेबांनी आदराने विचारलं, तुमचा नाश्ता झाला नाही ना अजून? बाई हसून म्हणाल्या, “येस.” “उत्तम,” म्हणून साहेबांनी त्यांना थेट खुर्चीवर नेऊन बसवलं आणि आलेख दाखवायला सुरुवात केली. मी बाईंकडे बघत होतो. त्या एकदा दाराकडे बघायच्या, एकदा थर्मासमधून घोट घ्यायच्या, पुन्हा दाराकडे. मग साहेब कच्च्या कानांविषयी बोलू लागले तेव्हा मी उठलो आणि बाईंना विचारलं, “तुम्ही आज काय खाल्लंत?” त्या संकोचून म्हणाल्या, “काहीच नाही. मी सांगितलं होतं त्यांना.” साहेब म्हणाले, “पण तुम्ही तर येस म्हणालात!” “हो,” बाई म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात की नाश्ता झाला नाही, ते बरोबरच होतं.”

मी म्हणालो, साहेब, यांच्या कानात काही दोष नाही, यांनी तुमचं प्रत्येक अक्षर ऐकलंय. प्रश्न आपण वाकडा विचारला. साहेबांनी थोडी झुंज दिली. म्हणाले, पण इंग्रजी असंच आहे, ते मुलांना यायला हवं. मी म्हटलं, यायला हवंच. शिकवा, आणि मग एकदा विचारा. पण चार वेगवेगळ्या जागी तीच एक अडचण ठेवून तिला ‘ऐकणं’ म्हणू नका. साहेब माणूस चांगला. त्यांनी बैठक थांबवली, स्वतः जाऊन बाईंसाठी ताट भरून आणलं, आणि परत आल्यावर ते चार प्रश्न रद्द करून निकाल पुन्हा लावायला सांगितलं. ती मुलगी आता वरच्या वर्गात बसते. जाताना साहेबांनी मला विचारलं, ही तपासणी तुम्ही कुठे शिकलात? मी म्हणालो, ज्यांच्याकडे शिकलो त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते हसले. मी हसलो नाही, गुरुजी. माझा ऊर इतका भरून आला होता की गाडीत बसल्यावरही काही वेळ मी ती चालू केली नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलीला सगळं मराठीत सांगितलं. तुम्ही, काकू, पूल, ताक, सगळं. ती बरोबर जागी हसली. शेवटी म्हणाली, “ही साउंड्स अमेझिंग, बाबा.” मला तुमच्याइतकाच तिचाही अभिमान वाटला. पण माझ्या धंद्याची खोड वाईट. ती कुठे कुठे हसली, हे मी नंतर मनात तपासत बसलो. ताक म्हणताना मी पळी धरल्यासारखा हात केला होता. काकूंचा आवाज काढला होता. तुमच्यासारख्या भुवया उडवल्या होत्या. एवढी मदत मी प्रश्नपत्रिकेत कुठल्याच मुलाला देत नाही.

पुढच्या वर्षी ती शिकायला दूर जाईल. मग आमचं बोलणं फोनवर. तिथे माझे हात नसतील, भुवया नसतील, टेबलावर कोणती वाटी कुठे आहे ते दिसणार नाही. नुसता आवाज. त्यातलं तिला किती कळेल, हे मला आजच पाहता येईल, मला त्याची रीत चांगली ठाऊक आहे. मी पाहत नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो: माझी काळजी तिच्या कानांची नाहीच. समोरचा क्षणभर गप्प झाला की आपलं वाक्य सोपं करून द्यायची सवय मला इतक्या वर्षांत लागली आहे. पहिल्याच फोनवर ती जरा थांबली, तर तिच्या आधी मीच इंग्रजीत बोलायला लागेन, अशी मला भीती वाटते.