परतीचा काटा

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझा अँटेना ट्यूनर चाचणीत नापास झाला. आमच्या रेडिओ क्लबच्या सचिवांनी काल स्वतः पुन्हा मोजून तेच सांगितलं, तेव्हा माझ्यावर डाफरू नकोस. दहा ते हजार ओहम, कुठल्याही अँटेनाशी रेडिओ सेटचा मेळ घालतो, असं तू डब्यावर छापलंस. ऐंशी मीटरच्या लहरींवर दहा ओहमचा भार लावला. सेटकडे उलट येणारी शक्ती दाखवणारा परतीचा काटा गुमान शून्यावर आला, पण पुढे पोचली निम्मीच शक्ती! बाकीची तुझ्या कॉइलनं खाल्ली. तापलेल्या कॉइलला लागून बोटाला फोड आलाय. डोंगरावरच्या बचाव ठाण्याच्या अँटेनाची तार आखूड, म्हणजे नेमका हाच भार. वादळात त्यांनी मदत मागायची आणि हाक तुझ्या डब्यातच जिरायची? अहवाल क्लबच्या मासिकाच्या पुढच्या अंकात छापणार. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी,
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

आशीर्वाद लिहितोय तो हाताला सवय आहे म्हणून. काटा शून्यावर म्हणजे मेळ जमला, हे तुला शिकवलं कुणी? मीच ना? शेजारच्या कारखान्याचा डबा पाचशेवरच दम टाकतो, त्याचं कौतुक छापलंस आणि सख्ख्या भावाचं नाक कापायला निघालीस. डबा नेताना पाडला असशील, धांदरटच तू. ठाण्याची माणसं सोमवारी माल न्यायला येताहेत. अहवाल मागे घे. नाही घेतलास तर इकडे फिरकू नकोस. कळावे, लोभ असेल तर असो.

दादा

११ मार्च, रविवार

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

रागावले की मी वन्सं म्हणते, ठाऊक आहे ना? भावाबहिणीच्या भांडणात माझं जेवणाचं टेबल मोजायच्या यंत्रांखाली गेलं. शेजाऱ्याच्या डब्यावर पाचशेच छापलंय, हे मी यांच्या नाकासमोर धरलं. मग तणतणत यांनी बांधलेल्या खोक्यातला नवा डबा काढला आणि तुम्ही लावलात तसाच दहा ओहमचा भार लावला. आजवर हे काटाच बघत आले. डब्यातून पुढे किती जातं, ते कधी मोजलंच नव्हतं. आज मोजलं. तिसऱ्या डब्यालाही तेच निघालं, तेव्हा पक्कड भिंतीवर आपटली. तुमच्याशी जन्मात बोलणार नाही म्हणतात. तुम्हीही आधी घरी सांगायचं सोडून थेट सचिवांकडे गेलात, त्याचा राग मला आहेच.

उद्या सकाळी ठाण्याची माणसं येतील. जाड तारेची कॉइल बसेपर्यंत एकही डबा देणार नाही, असं त्यांना तुमचे दादा स्वतःच सांगणार आहेत. ऐनवेळी शब्द गिळू नयेत म्हणून मी दारातच उभी राहणार आहे. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुमची,
वहिनी