जी मोकळी, तिला चेंडू

मी, खाली सही करणारी, मुलींच्या बास्केटबॉल क्लबची निवृत्त प्रशिक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. शरीर थकलंय, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून बघावा.

१. राहतं घर चिरंजीवांना. ते क्लबचे सचिव आहेत आणि अंतिम सामना हरल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय, "आई, जुन्या सगळ्या काढू. शिडीभोवती नवा संघ बांधू." शिडी म्हणजे माझी नात, मुलीची मुलगी. एकोणीस वर्षांची, ताडमाड, आणि नेम असा की मीसुद्धा तोंडात बोट घालते.

२. तो सामना कसा गेला ते इथे नोंदवते, नाहीतर मागाहून लोक तिखटमीठ लावतील. आमच्या क्लबचा नियम एकच: जी मोकळी, तिला चेंडू. शेवटच्या क्षणी आमची कप्तान, जिला सगळे भिंत म्हणतात, बास्केटखाली एकटी होती, चेंडू तिच्याच हातात. नुसता वर टाकायचा होता. पण वर्षभर "शिडीला दे, शिडीला दे" ऐकून हातांना तीच सवय लागलेली. तिने चेंडू शिडीकडे फेकला, आणि शिडीला तर तिघींनी घेरलेलं. चिरंजीव म्हणतात, भिंत म्हातारी झाली. अरे शहाण्या, शिडी टेकवायला तरी भिंत लागते ना!

३. माझी शिट्टी भिंतीला. दिवसभर इस्पितळात रुग्णांना उचलून ती सरावाला सगळ्यांच्या आधी हजर असते. तिला काढायची गोष्ट माझ्यासमोर काढू नये. मी मेल्यावरही.

४. क्लबच्या अध्यक्षांना माझी घडीची खुर्ची. सामना अर्धा टाकून उठून जायची त्यांना खोड आहे. निदान बसायला शिकतील.

५. आता हॉल. क्लब जिथे खेळतो तो हॉल माझ्या नावावर आहे, आणि ज्याचा हॉल, त्याचा संघनिवडीत शेवटचा शब्द. तो मी शिडीला देते. काही कारणाने तिला मिळू शकला नाही, तर भिंतीला जावा.

हे लिहिताना जीव थाऱ्यावर नाही. परवा पोरगी बूट हातात घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, हरलो की सगळे माझ्याकडे बघतात. जिंकलो तरी माझ्याकडेच. मला खेळायचंय गं, पण घरातून पाय निघत नाही." मी म्हटलं, "हॉल तुझा झाला की मामाचं काही चालणार नाही." तिने बूट माझ्या पलंगाखाली सारले. मी तिला आधार देतेय की आणखी एक ओझं, मला खरंच कळत नाही.

६. वकीलबाईंनी बजावलंय की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा वाटा गेला. हे मी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

जागेवरच जोडलेली ओळ: दुसरे साक्षीदार म्हणून बोलावलेले इस्त्रीवाले काका पेन उघडत होते. शिडीने ते त्यांच्या हातातून घेतलं. चिरंजीव ओरडले, "अगं वेडे, हॉल जाईल!" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, भिंत मोकळी आहे." मी तिला थांबवलं नाही.

स्थळ: माझं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: अंतिम सामन्यानंतरचा दुसरा रविवार

लिहून देणार: (सही) आजी

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या शिंपीणबाई
२. (सही) शिडी