गिळायचं नाही, बोलायचं नाही

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून शिकाऊ लोकांवर ओरडणार नाही. ड्रायव्हिंग स्कूल माझं, गाडी माझी, क्लच माझा, पण तब्येतही माझीच आहे.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
आजचा दिवस धरू नये. क्लचबाईंनी चढावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पाडली. (क्लचवरून पाय एकदम उचलतात, त्यावरून हे नाव.) मागे ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि या आपल्या शांत. मी समजावून सांगितलं. काही लोक त्याला ओरडणं म्हणतात. म्हटलं, तुमचे हात कापतात, तुमच्या हातात कोणी सुईसुद्धा देऊ नये, गाडी तर लांबच राहिली.
मग घसा कोरडा पडला म्हणून बाटली तोंडाला लावली, तर बाई माझ्या गळ्याकडे टक लावून. म्हणाल्या, सर, गिळताना तुमच्या गळ्यात गाठ वर सरकते, सोनोग्राफी करून घ्या. मी म्हटलं, रस्त्याकडे बघा.
हॉस्पिटलात कामाला आहेत म्हणे. काउंटरवर पावत्या फाडत असणार. तिथल्या हवेनेच माणसाला डॉक्टरकी चढते.

६ फेब्रुवारी
गाठ नाही. आरशासमोर पोट तुडुंब होईपर्यंत पाणी पिऊन पाहिलं. आहे ते हाड आहे.
बायकोला विचारलं. ती म्हणाली गाठ आहे, वर्षभर आहे. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, बोलले होते, तुम्ही तेव्हा इंटरनेटवाल्याशी भांडत होतात.

९ फेब्रुवारी
आमच्या डॉक्टरांनी गळा चाचपला. चेहरा केला तो मला आवडला नाही. लगेच समोरच्या लॅबमध्ये सोनोग्राफीला पिटाळलं. थायरॉइडवर गाठ आहे. आता मोठ्या हॉस्पिटलात सुई घालून तपासणार. बायोप्सी. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, अशा दहा गाठींतल्या नऊ तरी साध्या निघतात. दहावीचं काय विचारलं, तर मान खाली घालून चिठ्ठी लिहायला लागले.
मी घाबरलो नाही. डॉक्टरच घाबरलेले वाटले. बदलला पाहिजे हा माणूस.

१२ फेब्रुवारी
हॉस्पिटलने माहितीचा कागद दिलाय. बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. उपाशी यायला नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. गळा मोकळा राहील असा शर्ट घाला. सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक. थोड्या वेळात घरी. एवढं सोपं आहे तर कागद कशाला छापला? काहीतरी लपवतायत.
साडूचा फोन. त्याच्या ओळखीत एकाला अगदी असंच झालं होतं. पुढे काय झालं विचारलं, तर हवापाण्याकडे वळला. या माणसाला फोन कोणी घेऊन दिला?
बायकोला काडीची काळजी नाही. नवरा सुईखाली चाललाय आणि ही तीन दिवस कपाटं आवरतेय. आवरलेली पुन्हा आवरतेय.
माझं ठरलंय. एकटा जाणार, स्वतः गाडी चालवत जाणार, तसाच परत येणार.

१६ फेब्रुवारी, सकाळी
बायको आधीच गाडीत जाऊन बसली आहे. बोलावलं कोणी होतं?

१६ फेब्रुवारी, दुपारी
राग जिरायच्या आत लिहून काढतो.
खोली अंधारी, गार. खांद्यांखाली उशी दिली आणि डोकं मागे टाकायला लावलं. म्हणजे माणसाला छत सोडून काही दिसू नये. गळ्याला गार औषध फासलं, वर गार जेल. इतक्यात दार वाजलं आणि आवाज आला, नमस्कार सर.
क्लचबाई. अंगात पांढरा कोट, हातात सुई.
मी उठून बसलो. म्हटलं, माझी खोली चुकली. नर्सने पुन्हा आडवं केलं. पावत्या फाडत नाहीत बाई. सोनोग्राफीच्या डॉक्टर आहेत. आधी सांगायला काय झालं होतं? (म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.)
म्हणाल्या, सुई आत असेल तेवढे काही सेकंद गिळायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. काही झालं तर हाताने खूण करा. त्यांच्या हाताकडे पाहिलं. जराही कापत नव्हता. त्याचाच राग आला. मग माझ्याच गाडीत का कापतो?
सुई गेली. टोचलं, दाब आला, बाकी काही नाही. पण बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, बाजूला स्क्रीनकडे बघत होत्या! मी ओरडलो, समोर बघा! सुई बाहेर. समजावलं मला, की सुईची वाट त्या स्क्रीनवरच दिसते. दुसऱ्यांदा गिळलं. गिळू नका म्हटलं की तोंडात धरण भरतं, यात माझा काय दोष? तिसऱ्यांदा खोकलो. खोकला खरा होता. हाती लागलं तेवढं काचेच्या पट्टीवर घेतलं त्यांनी. एकदाही चिडल्या नाहीत. मुद्दाम.
गळ्याला बोटाएवढी पट्टी लावली. उठलो तर खोली फिरली. गाडी हॉस्पिटलातच ठेवली, रस्त्यात गर्दी असते म्हणून. टॅक्सीने आलो. टॅक्सीवाल्याला गिअर टाकता येत नव्हता, तसं सांगितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट. नमुना अपुरा! आयुष्यात मला कोणी अपुरा म्हटलं नाही. आता काही दिवस थांबून पुन्हा सुई.
फोन करून क्लचबाईंना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, पुरेशा पेशी आल्या नाहीत, असं होतं कधी कधी. मी हललो म्हणून का, असं विचारलं. पुन्हा तेच, होतं सर कधी कधी. माणसाने सभ्य असावं, पण किती?

२ मार्च
क्लचबाईंचा क्लास. चढावर गाडी दोनदा बंद पडली. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, घाई नाही. मागच्या हॉर्नवाल्याला खाली उतरून झापलं. बाई म्हणाल्या, सर, बरं वाटत नाहीये का?
हे घाबरून नाही. पुढच्या आठवड्यात सुई त्यांच्या हातात आहे. याला धोरण म्हणतात.

१० मार्च
झालं. या वेळी बायकोला आत घेतलं, तिला बाहेर एकटं वाटू नये म्हणून. तिनेच आपला हात माझ्या हातात अडकवला. नंतर तिच्या बोटांना रग लागली, तो तिचा प्रश्न.
चार वेळा सुई गेली. गिळलं नाही, खोकलो नाही, बोललो नाही. बायको नर्सला म्हणाली, लग्नापासून पहिल्यांदा. दोघी हसल्या. बाईंनी गळ्यावर कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, छान केलंत सर. मला कोणी छान म्हटलेलं आवडत नाही.

१३ मार्च
वॉचमनशी भांडलो. दोन शिकाऊ क्लास सोडून गेले, जाऊ देत. साडूचा फोन कापला. बायकोला म्हटलं, कपाटांचे आवाज बंद कर.
दुपारी गाडीत एकटाच बसून होतो. किल्ली लावली नाही. दहावी गाठ कोणाच्या तरी गळ्यात असतेच ना. तो माणूसही म्हणत असेल की हाड आहे.
हे उगाच लिहिलं. खोडायचं राहिलं.

१५ मार्च, सकाळी
गाठ साधी आहे! कॅन्सर नाही. वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, बस. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, ऐकतो कोण?
बायकोला सांगितलं. ती खुर्चीत बसली. आता रडेल म्हणून मी जवळ गेलो, तर उठून आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. बॅग भरलेलीच होती. आठ दिवस बहिणीकडे जाते म्हणाली.
म्हटलं, आज? आनंदाच्या दिवशी? साडूकडे? ती म्हणाली, रिपोर्ट वाईट आला असता तर गेले नसते. इतके दिवस घाबरलात तुम्ही आणि ओरडा खाल्ला मी. आता मला झोप हवी.
मी घाबरलो नव्हतो, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बरं.
गाडीने सोडतो म्हटलं. नको म्हणाली, टॅक्सी खाली उभी आहे.

१५ मार्च, संध्याकाळी
घरात फार शांत आहे. चार लोकांना फोन करून आनंदाची बातमी सांगायची ठरवली होती. चौघांनाही ती आधीच बायकोने सांगितलेली.
शेवटी साडूला मीच फोन लावला. चांगला झापायचा म्हणून. तो हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, दुपारी पोचली, दोन घास खाल्ले आणि आडवी झाली, ती अजून झोपलेलीच आहे. बहीण म्हणते, महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. काही महत्त्वाचं असेल तर उठवू का?
मी म्हटलं, नको. उठवू नका.