कोपऱ्यातून पडलेला टॉवेल

मु. पो. खोडाळा, ता. मोखाडा
बाजारानंतरचा दिवस

आमच्या घरच्या लक्ष्मीचे एकुलते बंधू, एकेकाळचे डावखुरे आणि हल्लीचे सेलवासकर श्री. पंढरी यांस, मंगळूचा डोंगरावरून खाली सोडलेला रामराम. वाटेत पावसाने गाठला नाही तर कोरडाच पोहोचेल.

तुझी साखर आता कितीवर आहे? चंदाचा गुडघा काय म्हणतो? तिला सांग, जिना चढताना कठड्याला धरत जा, लाजू नको. धरायला काही मिळतंय तोवर धरून घ्यावं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे आणि तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही, एवढंच. भाजीत मीठ घालत नाही आणि मीठ मागितलं तर डबा पुढे ढकलते. या वयात नवऱ्याला अबोल्यात ठेवणारी बाई अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. पण त्याचं कारण सांगायचं तर आधी बरंच काही सांगावं लागेल, आणि ते फोनवर सांगता येत नाही. फोनवर तुझ्या जुन्या दोस्ताचं, कोंडीचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. (आमच्याकडे रेंज नसते हे कबूल, पण तुमच्या सेलवासला एवढे कारखाने आणि एवढे टॉवर असून नेमक्या त्याच नावाला ती कशी जाते, हे मला अजून कळलेलं नाही.) पत्र कट करता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस थोडं तरी वाचतो. म्हणून लिहितो.

तर ऐक. तुला ठाऊक आहेच की बाजाराच्या दिवशी रामीच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक असते. पूर्वी आम्ही पावसापाण्यावर बोलायचो. आता कान्हा गुरुजींना त्यांच्या लेकीने, प्रतिभाने मोठा मोबाईल घेऊन दिलाय आणि त्याच्यात जगातल्या सगळ्या जुन्या मारामाऱ्या आहेत, म्हणजे बॉक्सिंगच्या. मोबाईलला रेंज फक्त एकाच जागी मिळते, रामीच्या पाण्याच्या माठावर. म्हणून झाकणावर मोबाईल उभा करायचा, पाठीमागे साखरेचा डबा टेकवायचा आणि आम्ही सगळ्यांनी माठापुढे पूजेला बसल्यासारखं बसायचं. कोणाला तहान लागली तर फेरी संपेपर्यंत थांबायचं. रामी आधी शिव्या द्यायची, आता तीच विचारते, "आज कोणाला मारणार?" मागच्या बाजारी तर एका एसटी कंडक्टरने पाणी मागितलं तेव्हा तिने त्याला सांगितलं की थांबा, अजून तो पडला नाही.

त्यात मोबाईलची खोड अशी की ठोसा सुटला रे सुटला की चकरी फिरायला लागते. हात हवेत, समोरच्याचा चेहरा अर्धवट वळलेला, आणि मधे ती गोल गोल चकरी. मागच्या महिन्यात एक ठोसा असा अडकला तो पुढच्या बाजारापर्यंत. तोवर लागला की हुकला यावर आमचा वाद चालला. मी म्हणालो लागला. गुरुजी म्हणाले हुकला. पुढच्या बाजारी नीट दिसलं तर तो पंचाच्या खांद्याला चाटून गेला होता, तेव्हा दोघांनीही आपणच बरोबर होतो असं धरलं.

गुरुजी महंमद अलीचे भक्त. त्यांचं म्हणणं, असा पाय पृथ्वीवर झाला नाही, तारप्याच्या नाचात पुढचा गडी जसा पाय टाकतो तसा त्याचा पाय पडायचा, जमिनीला कळायचंही नाही. आफ्रिकेत त्याने दोरीला पाठ लावून फोरमनला मारू दिलं, मारू दिलं, आणि तो दमल्यावर आठव्या फेरीत आडवा केला, हे गुरुजी इतक्या प्रेमाने सांगतात की वाटावं आडवं होताना फोरमननेही आभार मानले असतील. मी मात्र त्याच्या वैऱ्याचा, फ्रेझरचा. मला नाचणारा माणूस आवडतो, पण लग्नात. फ्रेझर मान खाली घालून पुढे यायचा, डोक्यावर भारा घेऊन सूर्यमाळची चढण चढणाऱ्या माणसासारखा. इकडेतिकडे बघणं नाही, बोलणं नाही. आपल्याकडे सगळे असेच चालतात, म्हणून मला तो आपला वाटतो. (टायसनबद्दल रामीचं मत असं की तो चांगला, कारण चहा गाळून होईपर्यंत त्याचं आटोपायचं आणि माठ मोकळा व्हायचा.) मी एकदा आपल्या हवासिंगचं नाव काढलं, आशियाई खेळांत दोनदा सोनं आणलं म्हणून. गुरुजी म्हणाले, त्याची फिल्म दाखव. मोबाईलवर काही सापडली नाही. आपल्या माणसांचं नेहमी असंच होतं बघ. मारलेलं खरं असतं आणि दाखवायला काही नसतं.

कोंडी या बैठकीला येतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. येतो, बाकड्याच्या टोकाला बसतो, बशीत चहा ओतून फुंकत बसतो. बोलत नाही. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस तेव्हापासून त्याने ठोशांबद्दल बोलणंच सोडलंय. मुंबईत नागपाड्याकडच्या बॉक्सिंगच्या व्यायामशाळेत झाडलोट करता करता त्याने जे पाहिलं, ते सगळं तुला शिकवून झालं, आणि तेच तुझ्यासोबत घाटाखाली गेलं.

तर काल आम्ही मनिलाची लढत बघत होतो. अली आणि फ्रेझर, तिसऱ्यांदा. चौदा फेऱ्या झाल्या, फ्रेझरचे डोळे सुजून मिटलेले, आणि शेवटच्या फेरीला त्याच्या गुरूने त्याला उठूच दिलं नाही. बस म्हणाला. नेमकी इथे चकरी फिरायला लागली, आणि चकरी फिरली की आमची तोंडं सुटतात. मी म्हणालो, घात केला. उठू द्यायला हवं होतं, अलीही संपत आला होता. गुरुजी एरवी अलीचे, पण वाद जिवंत ठेवायचा म्हणून माझ्या बाजूला आले. म्हणाले, लढणाऱ्याचा खरा वैरी त्याच्या स्वतःच्याच कोपऱ्यात असतो. आणि बाकड्याच्या टोकाकडे बघून म्हणाले, "लांब मनिलाला कशाला जायचं? जव्हारला आमच्या पंढरीचं काय झालं? दुसऱ्या फेरीत ठाण्याचा पोरगा डुलायला लागला होता, आणि यांनी टाकला टॉवेल."

कोपऱ्यातून टॉवेल पडला की गडी हरला असं धरतात. मी मान डोलावली. एवढी वर्षं डोलावतोच आहे. कोंडीने बशी खाली ठेवली नाही, फुंकणं फक्त थांबवलं.

आणि टपरीच्या समोर कंटोळी विकायला घेऊन बसलेली तुझी बहीण हिराबाई उठली. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात वजन. मला वाटलं गिऱ्हाइकाशी भांडण झालं. गिऱ्हाईक तिथेच उकिडवं बसून राहिलं. ती सरळ माठापुढे आली आणि म्हणाली,

"गुरुजी, उगाच त्याच्या नावाने बोंबलू नका. टॉवेल मी टाकला. टोपी अजून माझ्या पेटीत आहे."

गुरुजी म्हणाले, "तुम्ही? आणि कशाला?"

"भाऊ जिंकत होता म्हणून."

पंढरी, मी हे दोन वेळा वाचून पाहिलं. माझ्या हाताने लिहिलं तरी मला खरं वाटत नाही.

आता काल घरी आल्यावर तिने रडत, मीठमसाला न लावता, मला जे सांगितलं ते असं. जव्हारच्या मैदानावर त्या दसऱ्यात ठोशांची कुस्ती आहे, भाऊ उतरणार, जिंकला तर जिल्ह्याच्या संघात जाणार, एवढंच तिला माहीत. कुस्ती म्हणजे कुस्ती. आपल्याकडे गडी चमकला की मैदानातच त्याच्या अंगावर टॉवेल टाकतात, डोक्यावर टोपी ठेवतात. म्हणून बहिणीचा आहेर म्हणून तिने नवा टॉवेल आणि टोपी नेली होती. दोऱ्यांच्या आत जायला कोणी दिलं नाही, तेव्हा ती कोंडीच्या मागे, तुझ्या कोपऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या फेरीत तुझा डावा हात लागला आणि ठाण्याचा पोरगा डुलला. सगळं मैदान ओरडलं. तिला वाटलं झालं, जिंकला. तिने टॉवेल तुझ्या खांद्याच्या अंदाजाने भिरकावला. तो खांद्यापर्यंत पोहोचलाच नाही, तुझ्या पायाशी पडला. टोपी फेकणार तोच पंचाने हात आडवा घातला. मानाचा टॉवेल शरणागतीचा ठरला, टोपी हातातच राहिली. तू मागे वळून पाहिलंस तेव्हा कोपऱ्यात कोंडी पुढे उभा होता, आणि त्याच्यामागे तुझी लहानखुरी बहीण दिसतच नव्हती.

तिला काय झालं हे कळायलाही वेळ लागला. कळलं तेव्हा ती तुला सांगायला निघाली होती. कोंडीने तिला अडवलं. म्हणाला, "बाय, तू बोलू नको. रक्ताचं तुटलं तर सांधत नाही. मी काय, दोस्त आहे. आठवडाभर रागावेल."

तू त्याच आठवड्यात सेलवासला गेलास. पुढचं तुला माहीत आहे. माझ्या पोरीच्या लग्नात तो पंगतीत बसला म्हणून तू उभ्याने जेवलास. त्याचा पोरगा गेला तेव्हा तू वापीला काम आहे म्हणालास. आणि दरवेळी हिराबाई पदराने तोंड पुसत आत जायची, आणि मला वाटायचं चूल धुमसते आहे.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुमच्या पोटात काही राहत नाही. (हे पत्र बघता तिचं अगदीच चूक आहे असं नाही.) मग मीही चिडून म्हणालो, पोटात नाही तर निदान पेटीत ठेवलं असतं, टोपीशेजारी. तेव्हापासून मीठ बंद आहे.

तिकडे टपरीवर काय झालं ते राहिलं. आम्हाला वाटलं होतं कोंडीला बरं वाटेल. गुरुजींनी तर उठून हात जोडले, मोबाईल कलंडून माठावरून पडता पडता वाचला. पण कोंडी भलताच रागावला. कोणाकडे न बघता तो हिराबाईला एवढंच म्हणाला, "एवढी गप बसलीस, आणखी थोडी बसली असतीस तर काय झालं असतं?" आणि चहा बशीत तसाच टाकून पावसात निघून गेला. मागे चकरी थांबली होती. माठावर अली खुर्चीतून उठून हात वर करत होता आणि आमच्यापैकी कोणी बघत नव्हतं.

लढवय्ये कोण मोठे, यावर आम्ही इतके बाजार घालवले. कोणाचा पाय, कोणाचा हात, कोणाची छाती. बाकड्याच्या टोकाला बसलेला माणूस रोज एक ठोसा खातोय आणि पडत नाही, हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. पंढरी, आता दिसतंय, पण आता त्याचं करायचं काय ते कळत नाही.

बाकी सगळं ठीक. भात चांगला आहे, नागलीही तरारली आहे. चंदाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुझ्या साखरेला ताकीद.

तुझा दाजी,
मंगळू

ता. क. हे पत्र हिराबाईने लिहायला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी पाण्याच्या टाकीबद्दल पंचायतीला अर्ज लिहितोय. अर्ज इतका लांब कसा, असं तिने मघाशी विचारलं. मी म्हणालो, तक्रार जुनी आहे. म्हणजे पाहिलंस, आता ती माझ्याशी बोलते. तू तिच्यावर रागावू नको. रागवायचंच असेल तर मला कळव, मी तिला थोडं थोडं करून सांगेन.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर मी सूर्यमाळच्या वाटेला लागून कोंडीच्या पाड्यावर जाऊन आलो. त्याला म्हणालो, मी पंढरीला सगळं कळवतो, तुझ्यावरचा डाग गेला. तो म्हणाला, "अर्धं कळवू नको. टॉवेल तिचा पडला, पण माझाही माझ्या हातात होता. त्याची डावी भुवई फाटली होती, त्या डोळ्याने त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो मान वळवून बघत होता. तो पोरगा डुलला, पण पुन्हा उभा राहिला असता. मीच टाकणार होतो. तिने आधी टाकला, एवढंच." मी म्हणालो, अरे, मग तो जिंकला नसता का? तो म्हणाला, ते त्यालाच सांगेन, तुला नाही. म्हणजे तू जिंकत होतास, असं मी इतकी वर्षं साऱ्या तालुक्याला सांगत फिरलो, त्याचाही आता भरवसा राहिला नाही. तेव्हा तू माफ करायला म्हणून येऊ नको, त्याला ते चालणार नाही. भांडायला ये. पण ये.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, पाकीट डकवायच्या आधी. आलास की त्याच्या डाव्या बाजूला बस. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. हा कान कशाने गेला, असं मी आजच विचारलं. म्हणाला, पंढरीला सराव देताना. पंढरीला सांगू नको, त्याचा डावा हात ढिला पडेल. मी म्हणालो, अरे, तो आता साठीचा झाला. तर म्हणाला, तरी नको सांगू. म्हणून हे मी तुला सांगितलेलं नाही.