दुसऱ्या खाचेतलं कुंकू

४ नोव्हें., मंगळ.
नवा पीसी परत निळा पडदा दाखवून बंद पडला. आठवड्यात अकरावी वेळ. जोडून देणाऱ्या मामेभावाला, संतोषला, पोलादपूरच्या दुकानात फोन केला. म्हणे, "मशीन नवीन हाय गो, जरा रुळू दे." मशीन म्हणजे काय सून आहे रुळायला?

६ नोव्हें., गुरु.
महाडहून काम करायला पुण्याच्या ऑफिसने एक महिना दिलाय, तोही चाचणी म्हणून. १७ ला दवाखान्याच्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल गेलं नाही तर परत पुणे, परत होस्टेल, आणि आई इथे एकटी. बाबा गेल्यापासून एकटी असली की ती धड जेवत नाही. तेव्हा रडत बसायचं नाही.
पेन ड्राइव्हवरून मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. दहा मिनिटांत लाल ओळीच ओळी. म्हणजे दुखणं रॅममध्ये. कळलं तरी.

८ शनि.
सीपीयू वरच्या फळीवरून उतरवला (पुराच्या महाडात खाली कोण ठेवतं). झाकण उघडलं. दोन रॅम. दुसरीच्या खाचेत कुंकू! पहिल्या दिवशी, झाकण लावायच्या आधी आईने पूजा केलेली. विचारलं तर म्हणाली, "भायेरनं लावून काय उपेग, काम तर आतली करतात."
भडकले. "तुझ्या पूजेपायी माझी नोकरी जाईल," असंही बोलले. ती भाजी निवडत राहिली.

९ रवि.
मऊ ब्रश, स्पिरिट. खाच लख्ख केली, वाळू दिली. चाचणी: लाल. पुन्हा पुसलं. लाल.
मग एकेक रॅम, खाचा बदलून. पहिली दोन्हीकडे नीट चालली, कुंकवाच्या खाचेतसुद्धा. दुसरी कुठेही लावा, लाल. रॅमच मुळात नासकी.
आईला जाऊन सांगितलं, "चूक तुझी नव्हती."
"मंग मशीन बरं झालं?"
एवढंच विचारलं तिने. फार लाज वाटली.

१० सोम.
संतोष: "बदलून मिळंल, पण मुंबयवरनं यायला पंधरा दिस तरी." माझ्याकडे सात आहेत. एका रॅमवर अख्खं मॉडेल उघडलं की गुदमरतं. बरं. चारही मजले वेगळे काढायचे, शेवटी जोडायचे. साहेबांना कशाला सांगा.

१३ गुरु.
तळमजला झाला, पहिला झाला. दर पाच मि. सेव्ह. गाणी बंद, बाकी सगळं बंद. निळा पडदा एकदाही नाही. पाठ मोडलीय, पण दुसरा आज संपवणारच.

१७ सोम.
सकाळी साहेबांचा फोन. "जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, इथे तुझं टेबल रिकामंच आहे." म्हटलं, संध्याकाळपर्यंत फाईल येतेय. चारही मजले जोडायला लावले. मेमरी ९६ टक्के भरलीय, कर्सर नुसता फिरतोय.
पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत माझी बॅग काढून ठेवलेली. घड्या घातलेले कपडे, पोह्याचे पापड, लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून. फोनवरचं आईने ऐकलेलं दिसतंय.
"लागली तर आसावी," म्हणाली. "ऐन वेळेला धावपळ नको."
बरणी काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, "हे आज जेवताना वाढ. दोघींना."
बाकीची बॅग रिकामी करायचा धीर झाला नाही. जोडणी ६१ टक्के.