सोमवारची उडी

आई, तुले आन् बाबाले जयभीम. मी बरी आहो, होस्टेलात जेवण चांगलं भेटते. कापूस वेचून झाला का?

दर सोमवारी सरावाआधी सर आमाले एका मॅटवर उडी मारायले लावतात. किती उंच गेली, ते मशीन सांगते. उडी कमी भरली का पोरगी थकली समजून आराम देतात. माह्या खोलीतल्या पायलले असाच आराम देल्ला, मंग घरी पाठवलं. तिची खाट रिकामीच आहे.

म्हणून मले जीव तोडून उडी मारा लागते. उंच भरली का सर खुश होऊन उचलायचं वजन वाढवतात. जिना उतरताना मात्र कठडा धरा लागते.

उद्या सोमवार आहे. बाबाच्या गुडघ्याले तू कोणतं तेल लावत होती, ते लिहून पाठव. मैत्रिणीले पाहिजे. सरले फोन करून काही विचारू नको.

तुही,
मैत्रेयी