नकटीचं दुसरं जेवण

ताई,

नकटीला आता काही घालू नकोस. दाराशी बसून म्याव म्याव करत असा गळा काढेल की जणू आठ दिवसांची उपाशी आहे. पाघळू नकोस. मी निघताना घातलंय.

गेले चार दिवस संध्याकाळी बेकरीतून आले की ती माझ्या वाटीला नाक मुरडायची. मासा हुंगून सोडला. चिकन उकडून बारीक करून दिलं, तर पंजा मारून वाटीच कलंडवली. माझ्या जिवाला घोर लागला. काल अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं आणि हसायलाच लागले. मागच्या तपासणीपेक्षा पाऊण किलो वाढलीय!

"घरात खायला कोण कोण घालतं?"

"मी एकटीच," म्हटलं.

"एकदा घरी विचारून बघा."

विचारणार कसं? कचऱ्याचा डबा उघडला, तर कागदात गुंडाळलेले माशाचे काटे. म्हणजे मी यायच्या आधी तू तिला पोटभर घालतेस. आपण दोघी तोंडं फिरवून बसलोय आणि हिचं फावतंय.

भांडणानंतर तू भरून दारामागे ठेवलेल्या बॅगेला मी हात लावलेला नाही. कपड्यांवर केस दिसले तर ते तिचे, ती त्यातच झोपते. माझ्यावर ओरडू नकोस. किंवा ओरडच.

आजपासून सकाळचं मी घालते, संध्याकाळचं तू घाल. आणि घातलंस की मला सांग. चिठ्ठी नको, तोंडाने सांग.